क्रॉकेट मूळचे कुठले?

रॉजर्सव्हिल हे टेनेसी राज्याच्या ईशान्य कोपऱ्यातलं, ॲपलेशियन डोंगररांगांमधल्या खोऱ्यात वसलेलं छोटं गाव. गावात एक झरा आहे आणि जवळच एक जुनी दफनभूमी. झऱ्याला अजूनही क्रॉकेटांचंच नाव आहे. दफनभूमीत एक दगड डेव्हिड क्रॉकेट आणि त्याच्या बायकोच्या नावाचा आहे. १७७७ साली हे नवराबायको इथल्याच आपल्या घरात हल्ल्यात मारले गेले. दगड बराच नंतर बसवलेला आहे, पण घटनेबद्दल वाद नाही. नातवाने १८३४ साली छापलेल्या आत्मचरित्रात ती सांगितली आहे.

नातवाचं नावही डेव्हिड, जगाला ठाऊक असलेला डेव्ही क्रॉकेट. अस्वलांचा शिकारी, अमेरिकन काँग्रेसचा सभासद आणि ६ मार्च १८३६ रोजी टेक्ससमध्ये अलामोच्या लढाईत मेलेला माणूस. १९५४-५५मध्ये डिस्नेने त्याच्यावर टीव्हीमालिका काढली आणि रॅकूनच्या कातड्याची शेपटीवाली टोपी घातलेली पोरं अमेरिकेच्या गल्लीगल्लीत दिसू लागली. इतक्या प्रसिद्ध माणसाचं कूळ एव्हाना पक्कं माहीत असायला हवं. प्रत्यक्षात दफनभूमीतल्या त्या दगडापाशी कागद संपतात. आजोबांचा बाप कोण, तो कुठल्या गावचा, समुद्र कोणी आणि कधी ओलांडला, यावर शंभर वर्षं वाद चालू आहे.

राजाच्या पहाऱ्यातला अंमलदार

१९२८ साली ‘नोटेबल सदर्न फॅमिलीज’ या ग्रंथमालेचा पाचवा खंड निघाला. चॅटनूगाच्या झेला आर्मस्ट्राँग आणि त्यांच्या सहलेखिका जेनी प्रेस्टन कॉलप फ्रेंच यांनी तो सगळा क्रॉकेट घराण्याला वाहिला होता. त्यातून घरोघरी पोचलेल्या वंशावळीत मूळपुरुषाचं नाव भरदार आहे: आंत्वान द सोसूर पेरोनेत द क्रोकेतान्य. हा दक्षिण फ्रान्समधला उमराव, चौदाव्या लुईच्या पहाऱ्यावरचा अंमलदार. त्याने लुईझ द से हिच्याशी लग्न केलं, प्रॉटेस्टंट पंथ स्वीकारला आणि त्यापायी त्याला देश सोडावा लागला. मग आयर्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, बँट्रीच्या उपसागरावर, तो मोरी आणि फोंतेन या व्यापाऱ्यांचा मुनीम झाला. पुढे मुलं उत्तरेला डोनेगलकडे सरकली, ‘क्रोकेतान्य’चं ‘क्रॉकेट’ झालं आणि पुढची पिढी अमेरिकेला गेली. त्याच शाखेतून थेट डेव्ही.

गोष्ट वाचायला सुरेख आहे. तिच्यात राजा आहे, धर्मासाठी केलेला त्याग आहे, गलबतं आहेत. अनेक क्रॉकेट कुटुंबांत ती पिढ्यान्‌पिढ्या प्रेमाने सांगितली गेली, आणि सांगणाऱ्यांचा हेतू वाईट होता असं मानायला काही कारण नाही. तरीही ती तपासायला हवी. तपासायची सर्वांत चांगली जागा म्हणजे गोष्टीतले मोरी आणि फोंतेन, कारण ही दोन घराणी खरी होती आणि त्यांनी स्वतःबद्दल भरपूर लिहून ठेवलं आहे.

जॅक फोंतेन हा प्रॉटेस्टंट पंथाचा, म्हणजे ह्यूगनॉट उपदेशक. जन्म १६५८चा. फ्रान्समध्ये या पंथाला दिलेलं संरक्षण ऑक्टोबर १६८५मध्ये काढून घेतलं गेलं आणि तो त्याच वर्षी इंग्लंडला पळाला. १६९४मध्ये तो आयर्लंडच्या कॉर्क शहरात आला आणि काही वर्षांनी बँट्रीच्या उपसागरावर मासेमारीचा धंदा उभारायला गेला. तिथे फ्रेंच चाच्यांनी त्याच्या घरावर १७०४मध्ये एकदा आणि १७०८मध्ये पुन्हा हल्ला केला. म्हातारपणी डब्लिनमध्ये त्याने मुलांसाठी आपली सगळी हकिकत लिहून काढली. त्याची मुलगी मॅरी ॲन हिने मॅथ्यू मोरीशी लग्न केलं ते १७१६ साली. दोन घराणी एकत्र आली ती तेव्हा.

आता वंशावळीतल्या तारखा शेजारी ठेवाव्यात. आंत्वानचं देश सोडणं तिथे १६७०च्या दशकाच्या सुरुवातीला घातलेलं आहे. तेव्हा फोंतेन चौदा-पंधरा वर्षांचा पोरगा होता. बँट्री त्याने पाहिलं नव्हतं, मोरीशी सोयरीक व्हायला चाळीसहून अधिक वर्षं बाकी होती आणि सगळ्यांना देशोधडीला लावणारा राजाचा हुकूमही निघायचा होता. ज्या पेढीची नोकरी आंत्वानने धरली म्हणतात, ती पेढी असण्याचा संभवच नव्हता.

मग ही नावं गोष्टीत आली कुठून? पुरावा नाही, पण अंदाज करता येतो. फोंतेनची हकिकत त्याच्या वंशातल्या ॲन मोरी यांनी १८५३ साली पुस्तकरूपाने आणली. मोरी घराणं टेनेसीतलं नामांकित. फ्रँकलिन हे गाव अब्राम मोरीने वसवलं आणि सागरी प्रवाहांचे नकाशे काढणारा मॅथ्यू फोंतेन मोरी त्याच परिसरात वाढला. अमेरिकेच्या क्रांतियुद्धातल्या किंग्ज माउंटनच्या लढाईत सीमेवरच्या माणसांचं नेतृत्व करणारा आणि पुढे टेनेसीचा पहिला गव्हर्नर झालेला जॉन सेव्हियर, त्याचं कूळही ह्यूगनॉट मानलं जाई. म्हणजे प्रतिष्ठित घराण्याची वंशावळ कशी दिसते याचा नमुना शेजारीच होता.

डेव्ही स्वतः काय म्हणाला

या सगळ्यात एका साक्षीदाराला बाजूला बसवून ठेवलं जातं, तो म्हणजे खुद्द डेव्ही. आत्मचरित्राच्या सुरुवातीलाच त्याने सांगितलं आहे की बाप जॉन हा आयरिश वंशाचा, त्याचा जन्म आयर्लंडमध्ये झाला किंवा तिथून अमेरिकेला येताना वाटेत. फ्रान्सचं नावही नाही. आई रिबेका हॉकिन्स मेरीलंडची, एवढं सांगून तो पुढे जातो.

ही साक्षही तशीच्या तशी स्वीकारता येत नाही. अनेक अभ्यासक जॉनचा जन्म व्हर्जिनियातला धरतात. बाप जमिनीवर जन्मला की समुद्रावर, हेच मुलाला सांगता येत नाही, यावरून त्या घरात जन्माच्या तारखा जपून ठेवण्याची चैन नव्हती हे मात्र कळतं. डेव्हीचं म्हणणं खरं मानलं तर रॉजर्सव्हिलचे आजोबाच समुद्र ओलांडून आले. वंशावळ खरी मानली तर क्रॉकेट त्याआधीच अमेरिकेत रुजले होते. दोन्ही एकदम खरं असू शकत नाही.

त्याने ‘आयरिश’ हा शब्द किती सहज वापरला, तेही पाहण्यासारखं आहे. १८३४ साली त्यात कमीपणा नव्हता. १८४५नंतर आयर्लंडमध्ये बटाट्याचं पीक सडलं, दुष्काळ पडला आणि लाखो गरीब कॅथलिक अमेरिकेच्या बंदरांत उतरले. शहरांतून त्यांची हेटाळणी सुरू झाली, तसं उत्तर आयर्लंडमधून आधी आलेल्या, मुळात स्कॉटिश प्रॉटेस्टंटांच्या नातवंडा-पतवंडांना आपण वेगळे आहोत हे ठासून सांगावंसं वाटू लागलं. ‘स्कॉच-आयरिश’ हे नाव छातीवर मिरवलं जाऊ लागलं ते या काळात. १८८९ साली टेनेसीतल्याच कोलंबिया गावी स्कॉच-आयरिश सोसायटीचं पहिलं अधिवेशन भरलं. पुढच्याच वर्षी ‘डॉटर्स ऑफ द अमेरिकन रेव्होल्यूशन’ ही संस्था निघाली. तिच्यात प्रवेश हवा तर क्रांतियुद्धात भाग घेतलेला पूर्वज दाखवावा लागे. पूर्वजांना अशी मागणी आली की पुरवठादारही येतात. न्यूयॉर्कच्या स्टॅटन आयलंडवर राहणारा गुस्ताव अँजू हा स्वीडिश माणूस श्रीमंतांना हजारो डॉलर घेऊन वंशावळी बनवून देत असे. खऱ्या कागदांत खोटी कलमं घुसवण्याची त्याची पद्धत पुढे अभ्यासकांनी उघडी पाडली. त्याच्या कारखान्यातला माल आजही अनेक घराण्यांच्या पुस्तकांत शिल्लक आहे. क्रॉकेटांची कथा त्याने रचली असं मुळीच नाही, पण ती ज्या हवेत वाढली ती ही हवा.

कागद का नाहीत

स्कॉच-आयरिश कुळांचा शोध इतका अवघड का, हे कळायला या लोकांचं जगणं कळावं लागतं. सतराव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडच्या राजाने उत्तर आयर्लंडमधल्या गेलिक सरदारांच्या जमिनी जप्त केल्या आणि त्या अल्स्टर प्रांतात स्कॉटलंड-इंग्लंडहून माणसं आणून बसवली. स्कॉटलंडच्या नैर्ऋत्येकडून आयर्लंडचा किनारा दिसतो. सर्वांत चिंचोळ्या जागी समुद्र जेमतेम २० किलोमीटर. आयरशर, गॅलोवे, लॅनार्कशर इथली कुळं होड्यांतून आली, काही परत गेली, काही पुन्हा आली. त्यांचा पंथ प्रेस्बिटेरियन. राज्याचं चर्च वेगळं असल्याने त्यांच्या पुरोहितांनी लावलेली लग्नं कायद्याच्या नजरेत संशयास्पद, आणि बऱ्याच मंडळ्यांच्या जन्ममृत्यूच्या वह्या फार उशिरा सुरू होतात.

हे लोक जमिनीचे मालक नव्हते, खंडकरी होते. १६९०च्या दशकात स्वस्तात मिळालेले पट्टे १७१७च्या सुमारास संपू लागले आणि जमीनदारांनी खंड वाढवला. त्यात अवर्षण, लिननच्या व्यापारातली मंदी, धर्मावरून सरकारी पदांना बंदी. १७१७ ते १७७५ या काळात अल्स्टरमधून अमेरिकेला गेलेल्यांचे अंदाज एक लाखापासून दोन लाखांच्या वर जातात.

ते गेले कसे, हे मोठं विलक्षण आहे. तलम लिननसाठी फ्लॅक्सचं, म्हणजे जवसाचं, पीक बी धरण्याआधीच उपटावं लागे, त्यामुळे आयर्लंडला दरवर्षी पेरणीचं बी बाहेरून आणावं लागायचं. फिलाडेल्फियाची जहाजं बियाणाची पिंपं भरून डेरी, बेलफास्ट, न्यूरीला येत आणि परतीच्या फेरीत रिकाम्या पोटात माणसं भरून नेत. ही माणसं ब्रिटिश राजाचीच प्रजा, राजाच्याच एका मुलखातून दुसऱ्यात चाललेली, म्हणून त्यांची यादी करण्याची गरज कोणाला वाटली नाही. पेनसिल्व्हेनियात १७२७पासून जर्मनांच्या नोंदी आहेत, कारण ते परकीय होते. अमेरिकेच्या केंद्र सरकारने सरसकट प्रवासी याद्या मागवायला सुरुवात केली ती १८२०मध्ये.

आयर्लंडमध्ये जे कागद उरले होते त्यांच्यावर ३० जून १९२२ रोजी घाला आला. यादवी युद्धात डब्लिनच्या फोर कोर्ट्‌समध्ये स्फोट आणि आग लागून सरकारी दफ्तरखाना खाक झाला. एकोणिसाव्या शतकातल्या पहिल्या जनगणनांचा मोठा भाग, शेकडो चर्चच्या वह्या, मृत्युपत्रं, १७४०ची प्रॉटेस्टंट कुटुंबप्रमुखांची गणना, सगळं त्यात गेलं. वाचलं ते आधी कोणी हाताने उतरवून ठेवलेलं. २०२२ साली सुरू झालेला ‘व्हर्च्युअल रेकॉर्ड ट्रेझरी’ हा प्रकल्प अशा नकला जगभरातून गोळा करून जळालेला दफ्तरखाना पडद्यावर पुन्हा मांडतो आहे, आणि त्याचं मोल फार मोठं आहे. तरी एका खंडकऱ्याचं नाव त्यात सापडणं नशिबाचा भाग.

आपल्याकडे तीर्थक्षेत्रीच्या उपाध्यायांच्या वह्यांत गाव आणि आडनाव सांगितलं की पणजोबांची सही निघते. हरिद्वारच्या वह्यांचं चित्रण अमेरिकेतल्या ज्या युटा जिनिऑलॉजिकल सोसायटीने मायक्रोफिल्मवर केलं, तिनेच टेनेसी-व्हर्जिनियातल्या न्यायालयांची दफ्तरंही चित्रित केली आहेत. एकाच संस्थेच्या संग्रहात दोन्ही प्रकारचे कागद आहेत. हरिद्वारच्या वहीत माणूस आपलं कूळ सांगायला स्वतः येतो. सीमेवरचा शेतकरी न्यायालयाच्या वहीत येतो तो जमीन, कर्ज, भांडण किंवा मरण यांपैकी काहीतरी घडलं म्हणून.

शपथेवर मिळालेली जमीन

अशा वह्यांतून कधी कधी मात्र सोनं हाती लागतं. व्हर्जिनियात जो स्वखर्चाने माणूस आणी त्याला डोई ५० एकर जमिनीचा हक्क मिळे. शेनान्डोआ खोऱ्यात उतरलेल्या अल्स्टरच्या कुटुंबांनी तो मागण्यासाठी १७४० साली ऑरेंज काउंटीच्या न्यायालयात शपथा घेतल्या: मी, माझी बायको आणि अमुक अमुक मुलं आयर्लंडहून फिलाडेल्फियामार्गे आलो. अलेक्झांडर ब्रेकेनरिज याने २२ मे १७४० रोजी अशी शपथ घेतली. त्याच्या वंशात पुढे अमेरिकेचा एक उपराष्ट्राध्यक्ष झाला. हयात माणसाने, घटनेच्या जवळच्या काळात, न्यायालयासमोर, बायको-मुलांची नावं घेऊन सांगितलेली ही गोष्ट. एखाद्या कुळाला अशी एक ओळ मिळाली की पुढचं काम सुरू होतं. आयर्लंडमधलं गाव मात्र तिथेही बहुधा लिहिलेलं नसतं.

बहुतेक शोधक अशा नोंदी लायमन चॉकली यांच्या ‘क्रॉनिकल्स ऑफ द स्कॉच-आयरिश सेटलमेंट इन व्हर्जिनिया’ या तीन खंडांत पाहतात. १९१२-१३मध्ये निघालेलं हे काम अफाट आहे, ऑगस्टा काउंटीचं दफ्तर त्यामुळे जगाला उघडलं. पण ते सारांश आहेत. नाव चुकीचं वाचलेलं, शेजाऱ्याचा उल्लेख गाळलेला, असं त्यात होतं, आणि या कामात शेजारी फार महत्त्वाचा. ही कुटुंबं एकटी हलत नसत. डोनेगलच्या एकाच पंचक्रोशीतली चार-पाच घरं पेनसिल्व्हेनियात शेजार करीत, मग व्हर्जिनियात, मग कॅरोलायनात. एका कुळाचं गाव सापडत नसेल तर त्याच्या खरेदीखतावर साक्षीच्या सह्या कोणी केल्या ते पाहायचं आणि त्या साक्षीदारांचं गाव शोधायचं. हे काम संथ असतं, कंटाळवाणं असतं, आणि त्याच्यातून उमराव कधी निघत नाही.

रक्ताची साक्ष

गेल्या पंचवीस वर्षांत आणखी एक साधन आलं. बापाकडून मुलाकडे जाणारं वाय-गुणसूत्र पिढ्यान्‌पिढ्या जवळपास तसंच राहतं, आणि आडनावही त्याच वाटेने जातं. त्यामुळे एका आडनावाच्या दोन पुरुषांचं मूळ एक आहे का, हे तपासता येतं. नाही म्हणायला ही चाचणी फार पक्की. हो म्हणते तेव्हा मात्र ती नाव सांगत नाही. पूर्वज एक आहे एवढंच सांगते, तो कोणत्या गावचा हे कागदाने सांगायचं.

अल्स्टरच्या बाबतीत गुंता वाढतो. २००६ साली डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या संशोधकांना वायव्य आयर्लंडमधल्या पाच पुरुषांमागे सुमारे एकात वाय-गुणसूत्राची एकच खूण आढळली. तीच खूण स्कॉटलंडच्या नैर्ऋत्य भागातही सापडते, कारण तो समुद्र माणसांनी दोन्ही दिशांनी हजारदा ओलांडला होता. म्हणजे ती मिळाली तरी पूर्वज गेलिक आयरिश की स्कॉटिश वसाहतवाला, हे नुसत्या तिच्यावरून ठरत नाही.

तरी दंतकथा मोडायला ही चाचणी समर्थ आहे. रॉजर्सव्हिलच्याच हॉकिन्स काउंटीत आणि शेजारच्या डोंगरांत मेलंजन म्हणवणारी कुटुंबं राहतात. आपण जुन्या पोर्तुगीज खलाशांचे वंशज, असं त्यांतली अनेक सांगत आली. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मुख्य घराण्यांच्या पितृशाखा बहुतांशी सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेपर्यंत गेल्या, मातृशाखा युरोपपर्यंत. कातडीच्या रंगावर माणसाचा मतदानाचा हक्क आणि जमीन ठरण्याच्या दिवसांत ‘पोर्तुगीज’ हे नाव त्या लोकांचं चिलखत होतं. त्यांना खोटारडं म्हणणं हा मोठा अन्याय होईल. क्रॉकेटांच्या फ्रेंच उमरावाला अशी कुठलीच सक्ती नव्हती, आणि हा फरक न्याय करताना विसरता कामा नये, असं मला वाटतं.

खऱ्या आजोबांची गोष्ट

फ्रान्स सोडून दिल्यावर हाती काय राहतं? क्रॉकेट हे आडनाव गॅलोवे परिसरात जुनं आहे. ‘द रेडर्स’ लिहिणारे कादंबरीकार एस. आर. क्रॉकेट तिथलेच. समुद्र ओलांडला की अल्स्टरमध्ये टायरोनमधलं कॅसलडर्ग गाव डेव्हीचं घराणं आपलं म्हणून सांगतं. स्कॉटलंड, मग अल्स्टर, मग अमेरिका, हा हजारो कुटुंबांचा रस्ता क्रॉकेटांचाही असावा, हाच सर्वांत साधा निष्कर्ष. तो रस्ता नावागावानिशी जोडणारा कागद मात्र हातात नाही.

आजोबा डेव्हिड स्वतः कागदांवर दिसतात ते असे. १७७६च्या उन्हाळ्यात वाटॉगा नदीकाठच्या वसाहतवाल्यांनी आम्हाला तुमच्यात सामील करून घ्या, असा अर्ज नॉर्थ कॅरोलायनाच्या सरकारला केला. त्याखालच्या नावांत डेव्हिड क्रॉकेट आणि विल्यम क्रॉकेट ही नावं आहेत. ब्रिटिश राजाने डोंगरापलीकडे वसायला मनाई केली होती. ही माणसं ती मोडून चेरोकी या मूळनिवासी जमातीच्या भूमीवर राहत होती. आदल्या वर्षी, मार्च १७७५मध्ये, सिकमोर शोल्स इथे रिचर्ड हेंडरसनने चेरोकी प्रमुखांकडून प्रचंड मुलूख मालाच्या बदल्यात लिहून घेतला होता. त्या सौद्याला ड्रॅगिंग कनू या तरुण नेत्याने कडाडून विरोध केला आणि आपले लोक घेऊन तो लढायला उठला. १७७७च्या हल्ल्यात त्याचे लोक आणि क्रीक जमातीचे लोक होते असं इतिहासकार मानतात. चौदाव्या लुईच्या दरबारापासून सुरू होणाऱ्या वंशावळीत ही जमीन कोणाची होती हा प्रश्न उमटतच नाही. तिच्यामुळे झालेलं सर्वांत मोठं नुकसान हेच आहे.

हल्ल्याच्या दिवशी आजोबांचा मुलगा जोसेफ याचा हात गोळी लागून मोडला. धाकटा जेम्स बहिरा-मुका. पळता न आल्याने तो हल्लेखोरांच्या हाती सापडला आणि १७ वर्षं ९ महिने त्यांच्यात राहिला. शेवटी जॉनला आणि त्याच्या भावाला त्याचा पत्ता लागला, आणि एका व्यापाऱ्याला पैसे भरून त्यांनी त्याला परत आणलं. पैसे भरणाऱ्या जॉनची स्थिती कशी होती, तेही कागदांत आहे. तो किंग्ज माउंटनला लढला, काउंटीचा कॉन्स्टेबल झाला, भागीदारीत गिरणी बांधायला घेतली ती पुरात वाहून गेली, आणि १७९५ साली त्याची ३०० एकर जमीन कर्जापायी लिलावात विकली गेली. मग त्याने रस्त्याकडेला गाडीवाल्यांसाठी खाणावळ काढली. डेव्ही तिथे वाढला.

काटेकोर संशोधक आज डेव्हीची वंशावळ १७७६च्या अर्जावरच्या त्या नावापासून सुरू करतात आणि वरची जागा कोरी ठेवतात. ती भरायची तर दोनच वाटा दिसतात: डोनेगल किंवा टायरोनच्या एखाद्या जमीनदाराच्या जुन्या खंडवहीत निघालेला पट्टा, किंवा अल्स्टर वा गॅलोवेतल्या कागदोपत्री पक्क्या क्रॉकेट शाखेतल्या पुरुषाशी जुळणारी वाय-चाचणी. जमीनदार घराण्यांची अशी पुष्कळ दफ्तरं बेलफास्टच्या सरकारी अभिलेखागारात ठेवलेली आहेत आणि ती कोणालाही वाचायला मिळतात.